कडेचं दिसत नव्हतं

१२ जून

वन्सं,

चार वर्षांनी लिहिते आहे. फोन केला असता, पण तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर मला फोन करायचाही नाही. मला तुमच्याकडून कागद हवा आहे. कसला ते पुढे सांगते.

तुमच्या मुलाच्या डोळ्यांबद्दल मला एक गोष्ट कळली आहे. ऐकीव नाही. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या मुलीचं रक्त तपासून, कागदावर छापून दिलेली. ‘तुमच्या नणंदेला लगेच कळवा, तिच्या मुलाला घेऊन यायला सांगा,’ असं त्या म्हणाल्या. ‘लगेच’ दोनदा म्हणाल्या.

तुमच्या शेजारची शिंपीण साखर तपासायला आमच्या इस्पितळात येते. तिच्याकडून कळलं, कप्तान बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. सांगताना तिलाच धाप लागली होती, जसा काही तिचाच मुलगा. लहानपणी मामाच्या मांडीवर बसून जेवणाची ताटली गरागरा फिरवायचा, तोंडानं घरघर करायचा, म्हणून ह्यांनीच त्याचं नाव कप्तान ठेवलं होतं. आता खरी बस आहे आणि पाठीमागे चाळीस माणसं बसलेली असतात.

म्हणून तर कळवायचं आहे. पण आधी तुम्ही कागद द्यायचा.

तुमचा भाऊ गेला त्या दिवशी, त्याला उचलायच्या आधी, आमच्या दारात सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, ‘हिनंच मारलं त्याला.’ कोणी तुम्हाला गप्प केलं नाही. माझ्या मुलीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग ती जमिनीकडे बघत राहिली. ते मी विसरलेले नाही. तुमचा भाऊ स्वतःहून बाहेर पडला होता. पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणलेला होता, त्यात पडला, तिसऱ्या दिवशी गेला. मी तेव्हा घरात होते. खड्डा मी खणला नव्हता.

तुम्ही तुमच्या हातानं लिहायचं: ‘मी खोटं बोलले. भावजयीनं माझ्या भावाला मारलं नाही.’ खाली सही आणि तारीख. तो कागद मिळाला की त्याच दिवसाच्या टपालानं आजाराचं नाव, डॉक्टरीणबाईंचं नाव, दवाखान्याचा पत्ता आणि तपासणीचे वार पाठवते.

घाई तुम्हाला असायला हवी. मला नाही.

तुमची भावजय

३ जुलै

वन्सं,

उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझंच पत्र परत, पाठीमागे लाल शाईनं लिहिलेलं: ‘आमच्या मुलाचे डोळे उत्तम आहेत. डेपोच्या डॉक्टरनं तपासलेत. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली त्यानं. जळणाऱ्यांनी खुशाल जळावं.’

अक्षर अजून छान आहे तुमचं.

शेवटची ओळ तुमचा भाऊही वाचायचा. त्याच्या खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचायचा. घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढा स्क्रू बसवायचा. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरी शिवते, चादरीवर वॉर्डाचे नंबर शिवते. रोज सकाळी डबा भरता भरता मी ओरडायचे आणि तो बारा सुया ओवून माझ्या पदराला टोचून द्यायचा. एकदाही दोरा चुकला नाही.

आणि हाच माणूस वाटेतल्या स्टुलावर आपटायचा.

‘अहो, स्टूल आहे!’

‘होतं का इथं?’

‘नाही, आत्ता चालत आलं.’

तो हसायचा. मीही हसायचे, पहिली काही वर्षं. मग हसायची थांबले. कपाटाचं दार उघडं राहिलं की त्याचं कपाळ फुटलंच समजा. स्क्रू खाली पडला की गेला. गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहायचा, आणि स्क्रू त्याच्या मांडीशेजारी चमकत असायचा. रस्त्यात ओळखीचं कोणी हात करायचं, हा सरळ पुढे निघून जायचा. गल्लीत त्याला ‘शिष्ट’ म्हणायचे. तुम्हीही म्हणालात. एकदा दुकानात त्याच्या डाव्या हाताला पाच मिनिटं उभ्या राहिलात, त्यानं मान वर केली नाही, तशाच परत गेलात आणि सगळ्यांना सांगितलंत, बायकोनं पढवलंय.

मी पढवलं नव्हतं, वन्सं. त्याला तुम्ही दिसत नव्हतात.

हा आजार डोळ्याला कडेकडून खात येतो. मधला भाग शेवटी खातो. माणसाला वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून बघितल्यासारखं दिसतं: समोरचं लख्ख, आजूबाजूचं काहीच नाही. आणि डॉक्टरांचा तक्ता बरोबर समोर टांगलेला असतो. त्यामुळे तुमच्या मुलानं शेवटची ओळ वाचली यात मला नवल वाटत नाही. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या डॉक्टरकडे नेते. न्या. तोही तक्ताच टांगेल.

एवढं फुकट सांगते: संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, त्याला घरात वावरताना बघा. काही बोलू नका, नुसतं बघा.

कागदाची वाट बघते आहे.

भावजय

२८ जुलै

वन्सं,

‘बघितलं. काही झालेलं नाही. आमच्या घराण्यात असलं काही नाही. तुझ्या मुलीच्या रक्तात निघालं असेल तर ते तुझ्याकडून आलं असेल. तुझी पुस्तकं तुझ्यापाशी ठेव.’

पोस्टकार्डावर लिहिलंत. पोस्टमननं वाचलं, चेहऱ्यावरून कळलं.

बरं. पुस्तकांचं बोलू. माझी शाळा चौथीत सुटली. तुम्ही माझ्या लग्नात ‘अंगठाछाप नाही एवढंच’ म्हणाला होतात, ते मी ऐकलं होतं. पुढचं मी वाचनालयातून शिकले, जेवणाच्या सुट्टीत, वाफेच्या इस्त्रीशेजारी बसून. आता मुलीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं काढली आहेत. डॉक्टरीणबाईंनीही चित्र काढून समजावलं. तुम्हाला कळेल असं लिहिते, कारण हे तुमच्याच घराण्याचं आहे.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक मोठं इस्पितळ समजा. आत खोल्या, आणि या खोलीतून त्या खोलीत सारखी ने-आण चाललेली. माल उघडा जात नाही. बारीक पातळ आवरणाच्या पिशव्या असतात, त्यांत बांधून जातो. कुठली पिशवी कुठं जायची, कुठल्या भिंतीला लागून रिकामी व्हायची, हे सांगणारी छोटी प्रथिनं त्या पिशव्यांवर बसलेली असतात. आमच्याकडे गाठोड्यावर वॉर्डाची चिठ्ठी शिवतात तशी. चिठ्ठी नसलेलं गाठोडं कुठंच पोचत नाही, जिन्याखाली पडून कुजतं. मी बघितलंय.

पण ही पत्ता सांगणारी प्रथिनं नवी तयार होतात तेव्हा त्यांना पिशवीला चिकटता येत नाही. त्यांना आधी तेलकट शेपटी लावावी लागते. ती शेपटी पिशवीच्या आवरणात रुतते, मग ती बसतात. आणि शेपटी लावायच्या जागी ती आपली आपण जात नाहीत. एक मोठं प्रथिन त्यांना हाताला धरून तिथं नेतं, शेपटी लागेपर्यंत सोडत नाही, आणि मग पिशवीपाशी आणून पोचवतं. त्या मोठ्या प्रथिनाचं एक जनुक आहे. ते जनुक बिघडलं की हात धरणारंच कोणी नाही.

शरीरात इतर ठिकाणी त्याची बहीण शोभेल असं दुसरं एक प्रथिन आहे, ते काम निभावून नेतं. म्हणून माणूस धडधाकट दिसतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यात मात्र त्या बहिणीचा हात अपुरा पडतो. तिथं रोजचा कचरा रोज उचलावा लागतो. तो उचलला जात नाही, साठतो, पेशी मरतात. कडेपासून सुरुवात.

आता घराणं. हे जनुक बाप मुलाला देत नाही. बाप ते आपल्या प्रत्येक मुलीला देतो, एकही सुटत नाही. तिला स्वतःला फारसा त्रास होत नाही, नुसते डोळ्याच्या आत ठिपके दिसतात. तेच डॉक्टरीणबाईंना आमच्या मुलीच्या डोळ्यांत दिसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ‘तुमच्या वडिलांना कसं दिसायचं?’ मुलाकडे हे येतं ते आईकडून. म्हणजे तुमच्या भावाला ते तुमच्या आईनं दिलं. तुम्हाला दिलं असण्याची शक्यता आठ आणे. तुमच्यात असेल तर कप्तानकडे गेलं असण्याची शक्यता पुन्हा आठ आणे. एकूण चार आणे.

चार आणे म्हणजे फार नाही, असं तुम्हाला वाटेल. चाळीस माणसांची बस चालवणाऱ्याला ते किती होतात, याचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

मुलीनं काल फोनवर विचारलं, ‘आई, आत्याला सांगितलंस ना?’

‘सांगितलं.’

‘काय म्हणाली?’

‘बघते म्हणाली.’

‘नेईल ना त्याला?’

‘आई आहे ती त्याची,’ मी म्हटलं. बोलताना चादर शिवत होते. टाका सरळ पडला.

तुमच्या भावजयीला अजून तेवढाच कागद हवा आहे.

२० ऑगस्ट

वन्सं,

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. काल कप्तान माझ्याकडे आला होता.

धुलाईखान्याच्या दारात उभा राहिला. उंच झालाय. ओठांची ठेवण अगदी मामाची. आमची इस्त्रीवाली म्हणाली, ‘अगं, तुझ्याकडे नवरदेव आलाय कोणीतरी, बूट बघ कसे पुसलेत.’ मी ओळखलं.

‘मामी, आत येऊ?’

‘ये की. वाट कोणी अडवलीय?’

तो आत आला आणि पायरी चुकला. भिंतीला हात लावून सावरला. ‘अंधार आहे तुमच्याकडे,’ म्हणाला. दुपारचे साडेतीन वाजले होते. आमच्याकडे पिवळे का होईना, चार दिवे जळत होते.

तो तुमच्यासाठी आला होता. तुम्ही त्याला पत्रं दाखवली नाहीत, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं.

‘मामी, तुम्ही आईला काय लिहिता ते मला माहीत नाही. विचारलं तर सांगत नाही. पण तुमचं पत्र आलं की ती दोन दोन दिवस धड जेवत नाही. जुनी भांडणं उकरून काय मिळणार आहे? मामा गेला. तुम्ही दोघी तरी नीट राहा.’

‘तुझ्या आईनं पाठवलं?’

‘तिला कळलं तर ती मला घरात घेणार नाही,’ तो हसला. ‘सुट्टी होती, आलो.’

मी त्याला चहा दिला. वन्सं, मी तो मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला, मेजाच्या कडेला ठेवला. तो माझ्याकडे बघून बोलत राहिला. चहावर साय धरली.

‘चहा घे ना रे.’

‘कुठाय?’ मान फिरवली, मग त्याला दिसला. ‘अरे, हा इथंच होता होय.’

मग मी त्याला सुई-दोरा दिला. म्हटलं, माझे डोळे गेले आता, ओवून दे. पहिल्या फटक्यात ओवली. ‘बघा,’ म्हणाला, ‘डेपोत माझ्याइतकी नजर कोणाची नाही.’ अगदी मामासारखी मान वाकडी करून.

जायला निघाला तेव्हा मी ओल्या चादरींची बुटकी ट्रॉली पायानं ढकलून त्याच्या वाटेत सरकवली. दारापासून चार पावलांवर. लोखंडी आहे ती. तो सरळ तिच्यावर गेला. गुडघ्याचा आवाज झाला. इस्त्रीवाली धावली. ‘काय बघून चालतोस रे बाबा!’

‘तुमच्याकडे सामानच फार आहे, मावशी,’ तो कळवळत म्हणाला आणि पुन्हा हसला.

आता चार आणे राहिले नाहीत. सोळा आणे झाले. मी तेवीस वर्षं ज्या माणसाशेजारी जेवले त्या माणसाला मी काल पुन्हा चालताना बघितलं.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं. तो पायरीवर बसून गुडघा चोळत होता, मी शेजारी उभी होते, आजाराचं नाव जिभेवर होतं. पण ते नाव मी तुम्हाला विकायला काढलंय, त्याला नाही. जाता जाता म्हणाला, एक तारखेपासून त्याला संध्याकाळची पाळी मिळणार आहे, सहा चाळीसची बस. पाळी मिळाली म्हणून खूश होता.

ऑगस्टचे अकरा दिवस उरले.

भावजय

४ सप्टेंबर

वन्सं,

कागद मिळाला.

शब्द न् शब्द मी सांगितला तसा आहे. ‘मी खोटं बोलले. भावजयीनं माझ्या भावाला मारलं नाही.’ सही. तारीख. खाली तुम्ही आणखी लिहिलंय, जे मी मागितलं नव्हतं: ‘आता तरी नाव सांग. काल दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं त्याचं. इथल्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं अशक्तपणा म्हणून थेंब दिले. मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथं काही लिहून दिलं तर नोकरी जाईल, म्हणून जीव धजत नाही. संध्याकाळची पाळी सुरू झाली. मी खिडकीत बसून असते.’

हे वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चार वर्षं मी खिडकीत बसून होते, आता तुम्ही बसलात.

पण कागद हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की हा नुसता माझ्या डब्यात राहणार. ते वाक्य तुम्ही डब्यात नव्हतं म्हटलं. तर आता असं करा. येत्या रविवारी चुलत सासऱ्यांकडे सगळ्यांना बोलवा. त्या दिवशी दारात होते ते सगळे. त्यांच्यासमोर हाच मजकूर मोठ्यानं वाचा. आमच्या मुलीलाही फोन लावून ऐकवा. तिनं मला फोन करून ‘आई, ऐकलं’ म्हटलं की मी नाव पाठवते.

तुम्ही म्हणाल, शब्द फिरवला. फिरवला.

रविवार सात तारखेला आहे.

भावजय

१३ सप्टेंबर

वन्सं,

आधी हे. आजाराचं नाव कोरॉइडेरेमिया. जनुकाचं नाव सीएचएम. त्यापासून होणारं, हात धरून नेणारं ते प्रथिन म्हणजे रेप-वन. डॉक्टरीणबाईंचं नाव, पत्ता, वार वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातले आहेत. पण तुम्हाला त्याला घेऊन जावं लागणार नाही. तो परवा आमच्या मुलीकडे गेला. तीच नेणार आहे.

सात तारखेला तुम्ही वाचलंत. मुलीनं फोन करून सांगितलं. ‘आई, ऐकलं,’ एवढंच म्हणाली नाही. ‘आत्या रडत वाचत होती. तू तिच्याकडून हे का करून घेतलंस? आणि मला काय सांगत होतीस तू जूनपासून?’ ‘उद्याच्या टपालानं सगळं पाठवते,’ म्हणून मी फोन ठेवला. आठ तारखेला पत्र टाकायचं होतं. मी टाकलं नाही. म्हटलं, आणखी एक दिवस. तिला बसू दे खिडकीत आणखी एक दिवस. हे मी तुम्हाला कोणी विचारलं नसताना सांगते आहे.

नऊ तारखेला संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या इस्पितळात एक रखवालदार आणला. गोदामावर रात्रपाळीला सायकलवरून निघाला होता. डावीकडच्या गल्लीतून बाहेर पडला आणि बसनं उडवला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. आणणाऱ्यांत बसचा कंडक्टर होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि तो सगळ्यांना सांगत होता, ‘आमचा ड्रायव्हर बघतच नाही हो! मी ओरडलो, बाकीचे ओरडले, तो सरळ समोर बघतोय!’

मी घरी जायला निघाले होते. परत आत गेले. त्या खाटेसाठी चादरी काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत गेले. व्यवस्थापकाच्या खोलीत कप्तान उभा होता, टोपी हातात. व्यवस्थापक भला माणूस होता. म्हणाला, ‘बाई, तुम्ही मामी का? घाबरू नका. चूक सायकलवाल्याची आहे. त्याच्या सायकलला दिवा नव्हता.’

मी म्हटलं, ‘दिवा असता तरी ह्याला दिसला नसता.’

‘मामी, काय बोलताय?’

‘माझ्या तोंडाकडे बघ. मान हलवू नकोस. माझ्या हातात काय आहे?’

‘कुठल्या हातात?’

मी व्यवस्थापकाचा पितळी पाण्याचा तांब्या उचलून हात लांब करून धरला होता. खिडकीतलं ऊन त्यावर पडून चमकत होतं. व्यवस्थापकानं तांब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि खुर्चीत मागे टेकला. पुढे त्याला काही पटवावं लागलं नाही.

सगळं मी तिथंच सांगितलं. पिशव्या, चिठ्ठ्या, जनुक, मामा. कप्तान ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, ‘मला वाटायचं सगळ्यांनाच संध्याकाळी असं दिसतं.’ मग विचारलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

‘जूनपासून.’

‘आणि आईला?’

‘तिलाही जूनपासूनच. नाव नाही, पण काय आहे ते.’

‘म्हणजे मी तुमच्याकडे आलो त्या दिवशी ती ट्रॉली...’

‘मी सरकवली.’

‘पंधरा दिवस दुखत होता गुडघा,’ तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच राहिलं, जायचं विसरल्यासारखं. खिशावरचा बिल्ला काढून त्यानं मेजावर ठेवला. मी हात पुढे केला, पायरी होती म्हणून. त्यानं तो धरला नाही. भिंत चाचपत गेला.

तो तुमच्याकडे येणार नाही. माझ्याकडेही येणार नाही. आमची मुलगीही आता माझा फोन घेत नाही. तुम्हा दोघींना काय सांगू, असं ती म्हणाली, आणि ‘दोघी’ म्हणाली ते बरोबर आहे.

या आजाराला औषध नाही, वन्सं. अजून तरी नाही. मी नाव जूनमध्ये सांगितलं असतं तरी त्याचे डोळे परत आले नसते. फक्त तो बसच्या चाकामागे बसला नसता. एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेच मी मुठीत धरून बसले.

तुमचा कागद परत पाठवते आहे. तो खोटा आहे. त्या दिवशी तुम्ही दारात म्हणालात ते खरं होतं. तुमचा भाऊ स्वतःहून बाहेर पडला नव्हता. वाचनालयाचं पुस्तक परत करायची शेवटची तारीख होती, आठला वाचनालय बंद होणार होतं आणि मला त्याचा दुसरा भाग हवा होता. मी कणीक मळत होते. तो म्हणाला, ‘अंधारून आलंय गं, सकाळी जातो.’ मी म्हटलं, ‘सुईत दोरा ओवता येतो आणि रस्ता दिसत नाही? पुरे झालं नाटक.’  त्यानं पुस्तक काखेत मारलं आणि गेला. दारात उंबऱ्याला ठेच लागली, तेव्हा मी म्हटलं, ‘बघा, पुन्हा नाटक.’ त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. इस्पितळात तो शुद्धीवर आलाच नाही.

मला हे नाटक वाटायचं म्हणून, आपल्याला दिसत नाही असं त्यानं तुम्हाला कधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर मला कळवू नका.

रखवालदाराची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपते. ठेंगणी आहे, माझ्याच वयाची. नवऱ्याची जखम वाहते, नियमानं खाटेला दिवसाला एकच चादर, म्हणून ती धुलाईखान्यात येऊन दारात उभी राहते. मी तिला दुसरी देते. कधी तिसरीही. मऊ झालेल्या, जुन्या चादरी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवते. काल तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. ‘बाई, या अख्ख्या इमारतीत तुम्हीच काय ते माणूस भेटलात,’ म्हणाली. ‘देव तुमच्या लेकराबाळांना सांभाळो.’

रोज म्हणते. मी हात सोडवून घेत नाही.